रुमालाखालचा हात

माझा हात माझ्या परवानगीशिवाय बोलतो, हे मला भर बाजारात, ऐन हापूसच्या मोसमात, एका गिऱ्हाइकाने सांगितलं.

मी आंब्याचा दलाल. राहतो मुलुंडला, गाळा खाडीपलीकडच्या घाऊक बाजारात. कोकणातले बागायतदार पेट्या माझ्याकडे पाठवतात, मी त्या खरेदीदारांना विकतो आणि माझी आडत घेतो. गाळा बापाने दिलेला नाही. बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा मी दहावीत होतो, आणि दहावीनंतर मी डोक्यावर पेट्या वाहिल्या. हे मी कुणाला ऐकवायला लागलो की बायको उठून आत जाते. लिहिताना तरी कुणी उठून जात नाही, म्हणून एकदा लिहून टाकतो.

आमच्याकडे भाव मोठ्याने बोलत नाहीत. हत्ता म्हणतात त्याला. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. हजार दोघांनाही ठाऊक असतात, बोटं वरच्या शेकड्यांची. जितकी बोटं धरली तितके शेकडे. धरलेलं बोट दाबलं, तर अर्धा शेकडा खाली उतरलो. पटलं नाही तर हात सोडायचा. वर तोंडाने आपण पोरांच्या लग्नाच्या, गुडघ्याच्या दुखण्याच्या गप्पा मारत असतो, आणि चेहऱ्यावरची रेष हलू द्यायची नसते. शेजारी उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. पण एकदा समोरचा ‘झाला’ म्हणाला की झाला. मग भाव फिरत नाही. मी या रुमालाखाली मोठा झालो. माझ्या बोटांनी उतरायचं नाही, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. मी वाट बघतो, समोरचा थकतो.

त्या सकाळी देवगडचा उत्तम माल होता. समोर माझा बऱ्याच वर्षांचा जुना खरेदीदार, माझ्यापेक्षा वयाने मोठा. मी त्याची चार बोटं धरली आणि त्याच्या नातवाची चौकशी करत राहिलो. तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. मग एकदम म्हणाला, “झाला, शेट, झाला!” आणि रुमाल ओढून घेतला. लिहून घेणाऱ्याला त्याने भाव सांगितला, तो ऐकून मी उडालोच.

“चार धरली होती मी! हा कुठला भाव?”

“चार धरलीत आणि दाबत गेलात, शेट. लागोपाठ.”

“मी? मी दाबलं? अरे, बाजारात कुणालाही विचार, मी कधी उतरलोय?”

“म्हणून तर मीच ‘झाला’ म्हणत थांबवलं. तुम्ही खालीच चालला होतात.”

मी त्याची कॉलर धरली. होय, धरली. बागायतदाराला काय तोंड दाखवणार होतो मी? चोर, लबाड, जे तोंडाला आलं ते बोललो. माथाडी धावले. त्याने मात्र माझा हात झटकला नाही. हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, “आरडाओरडा नका करू, शेट. हात बघा तुमचा. उजवा.”

उजवा हात पेटीवर टेकलेला होता. अंगठा तर्जनीवर घासत होता. हळू, एका लयीत, तळहातावर तंबाखू मळल्यासारखा. मी मळत नव्हतो. मी फक्त बघत होतो.

मला घाम फुटला. हात हलतोय म्हणून नाही. तो अंगठा मी ओळखत होतो.

तो बाबांचा अंगठा होता.

गिरणी सुटल्यावर बाबांनी तंबाखू सोडली होती. उतारवयात त्यांचा अंगठा पुन्हा मळायला लागला, हातात काही नसताना. आम्ही हसायचो. “बाबा, चुना राहिला,” मी म्हणायचो, तेही हसायचे. मग त्यांना एक सवय लागली. गॅलरीतल्या खुर्चीवर बसले की उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायचे. आम्हाला वाटलं, असेल सवय. त्यानंतर पावलं आखडली. दाराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभे राहायचे, समोर नदी असल्यासारखे, आणि पाऊल उचलायचंच नाही. मग चेहरा गेला. नाक-डोळे तेच, पण आतून कुणी बाहेर बघत नाही असा चेहरा. शेवटी घोट गिळता येईना. पार्किन्सन्स. हा शब्द आमच्या घरात एक खोली अडवून बसला.

त्यांना आंघोळ मी घातली. लाळ मी पुसली, दाढी मी केली. बाजारातून येऊन, आंब्याच्या चिकाने काळे झालेले हात धुऊन. आणि तेव्हा माझी धाकटी बहीण परदेशात बसून उंदरांच्या मेंदूत हाच आजार शोधत होती.

ती माझ्याहून खूप लहान. बाबांची लाडकी. मी पेट्या वाहत होतो तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती, आणि तिला शिकवायचं हे घरात ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. माझी ना नव्हती. पण विचारायला हवं होतं. लहानपणी सुट्टीत ती माझ्याबरोबर बाजारात यायची, आणि मी तिला पेटीवर बसवून रुमालाखाली बोटं धरायला शिकवायचो. पटकन शिकली. तोंड मख्ख ठेवण्यात तर माझ्यापेक्षा सरस.

बाबा गेले त्याआधी ती कायमची परत आली होती. दिंडोशीला घर घेतलं, आरेच्या कडेला एका संशोधन संस्थेत तिची प्रयोगशाळा. बाबांनी हॉस्पिटलमध्येच प्राण सोडला, सकाळी. मी तिरडीचं सामान सांगितलं, गावाहून निघणाऱ्यांना फोन केले आणि त्यांना घरी न्यायला खाली शवागारात गेलो. तिथला माणूस म्हणाला, “थोडं थांबा. मेंदू काढायचाय.”

मला वाटलं, तो दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय.

बाबांनी बहिणीच्या संशोधनासाठी मेंदू दिला होता. बोलता येत होतं तेव्हाच तिला सांगितलं होतं, वेडीवाकडी सहीही केली होती. आईला माहीत होतं. माझ्या बायकोला माहीत होतं. त्यांची शी-शू काढणाऱ्या मला माहीत नव्हतं.

“बाबाच म्हणाले, दादाला सांगू नका, तो राडा करेल,” बहीण व्हरांड्यात म्हणाली.

मग मी राडा केला. जेवढा येतो तेवढा केला. तिला म्हणालो, जिवंत होते तेव्हा तुला वेळ नव्हता, आता डोकं तेवढं हवंय. तिने डोळे पुसले नाहीत. तेच मख्ख तोंड. आई बाकावर बसून म्हणाली, “गप ऱ्हव, झिला. तेंचो व्हतो, तेंनी दिल्यानी. तुझो काय गेलो?”

बाबांना न्यायला संध्याकाळ झाली. गावची माणसं स्मशानात कुजबुजत होती. मी अग्नी दिला तेव्हा मनात एकच होतं, की मी अर्ध्या माणसाला अग्नी देतोय.

त्यानंतर मी तिच्याशी बोललो नाही. मी बाजारात असताना ती आईला भेटून जायची. राखी आईच्या हातात ठेवून जायची, मी ती बायकोकडून बांधून घ्यायचो आणि फोन करायचो नाही. काही वर्षं हे असंच चाललं, आणि मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. अजून वाटत नाही.

पण बाजारातल्या त्या सकाळपासून मला भीतीने धरलं. हाताकडे बघायचं नाही असं ठरवलं की हात दिसायचा. पेपर वाचताना हलायचा. टीव्ही बघताना हलायचा. काही उचललं की थांबायचा, आणि ठेवून दिलं की पुन्हा सुरू. मी सतत काहीतरी धरून ठेवायला लागलो: किल्ल्या, मोबाईल, रुमालाची गुंडाळी. बाजारात रुमाल डाव्या हाताने घ्यायला लागलो. “शेट, आज डावा?” कुणीतरी विचारलं. “उजवा खांदा धरलाय,” म्हणालो. त्या जुन्या खरेदीदाराने कुणाला काही सांगितलं नाही. ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

आणि वास. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन-एक मोसम झाले, मला आंब्याचा वास येत नव्हता. आधी वाटलं, सर्दी. मग वाटलं, आयुष्य आंब्यात गेलं, नाकाला आता कंटाळा आला असेल. मी रंगावर आणि देठापाशी अंगठा टेकून निभावत होतो. घरात आई सुकट भाजायला लागली की बायको खिडक्या उघडते, त्यावरून मला कळायचं की वास सुटलाय. एकदा दुपारी मी घरी एकटा जेवत होतो, बायको बाहेरून आली आणि दारातूनच किंचाळली. गॅसचं बटण चालू राहिलं होतं, शेगडी विझलेली. मी त्या वासात बसून भात कालवत होतो.

“तुम्हाला वास नाही आला?”

“लक्ष नव्हतं,” म्हणालो. हातातला घास तसाच राहिला.

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग खिडक्या उघडत सुटली.

शेवटी आईने धरलं. मी गॅलरीत बाबांच्याच जागी बसलो होतो. ती भिंतीला धरत आली, माझ्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, “हात मांडयेखाली कित्याक घेतलंस?”

मी खाली बघितलं. उजवा हात मांडीखाली होता. मी कधी नेला, मला माहीत नव्हतं.

आई मट्‌कन खाली बसली. “बायच्याकडे जा,” म्हणाली. “आजच जा.”

बाय म्हणजे माझी बहीण.

रिकाम्या हाताने जायची माझी पद्धत नाही. बोलणी करायची असतात तेव्हा तर नाहीच. गाळ्यावरची सगळ्यात चांगली पेटी मी स्वतः निवडली, डाव्या हाताने वरच्या थरातलं एकेक फळ बघून. आरेच्या बाजूने संस्थेच्या फाटकापाशी पोचलो. पहारेकऱ्याने पेटीकडे बघून नाक मुरडलं. मला वाटलं, हा माणूसच तसा.

बहीण धावत खाली आली. “दादा? आई बरी आहे ना?”

“बरी आहे. आंबे आणलेत.”

तिने पेटीकडे बघितलं. इतक्या वर्षांनी, आणि आंबे. मग पेटी घेऊन वर तिच्या खोलीत गेली आणि मी मागून. तिने झाकण काढलं, गवत बाजूला केलं आणि थांबली.

“दादा, ही पेटी तू निवडलीस?”

“मग काय शेजाऱ्याने? पहिल्या नंबरचा माल आहे.”

तिने खालच्या थरातलं एक फळ काढून माझ्यासमोर धरलं. वरून पिवळंधमक. तिने उलटं केलं. खालून सडून पाणी सुटलं होतं.

“फाटकापासून वास येतोय,” ती म्हणाली. “कधीपासून तुला वास येत नाही?”

“सर्दी आहे.”

“कधीपासून, दादा?”

मी उजवा हात खिशात आणखी खोल सारला.

“खिशातला हात बाहेर काढ.”

“हुकूम सोडू नकोस. मी तुझा विद्यार्थी नाही.”

“काढ ना रे.”

काढला. टेबलावर ठेवला. अंगठा लागला कामाला. तिने तो बघितला आणि हळूच आंबा पेटीत परत ठेवला. बराच वेळ पुसत राहिली बोटं, कोरडी झाली तरी.

मग मी विचारलं, आणि ती सांगत गेली. तिच्या कामाबद्दल मी पहिल्यांदाच विचारत होतो. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये फट असते. एका पेशीच्या टोकाला बारीक बारीक पिशव्या असतात, त्यात रसायन भरलेलं. निरोप आला की पिशवी फुटते, रसायन फटीत सांडतं, पलीकडची पेशी ते ओळखते. हात उचल, पाऊल टाक, हस, सगळं असंच.

“हत्त्यासारखं आहे,” ती म्हणाली. “वरून कुणाला दिसत नाही.” मग स्वतःच मान हलवली. “पूर्ण तसं नाही. तिथे कुणी विचार करत नसतं.”

या आजारात मेंदूच्या देठातल्या एका जागेच्या पेशी मरतात. डोपामीन नावाचं रसायन बनवणाऱ्या. का मरतात, ते पुरतं कुणाला माहीत नाही. तिची प्रयोगशाळा एकाच गोष्टीमागे होती: ते रसायन पिशवीत नीट भरलं गेलं नाही, पेशीच्या आतच सांडलं, तर काय होतं? “पिशवीत असेपर्यंत तेच आपल्याला चालवतं. पिशवीबाहेर राहिलं तर स्वतःच्याच पेशीला जाळतं, असं आम्हाला दिसतंय. उंदरांत तरी.”

“आणि वास?”

“वास आधी जाऊ शकतो. हाताच्या खूप आधी.”

“बाबांचं दाखव,” मी म्हणालो.

तिला ते अपेक्षित नव्हतं. “नको, दादा.”

“माझा बाप आहे. मला न विचारता घेतलास. आता विचारून तरी दाखव.”

ती शेजारच्या खोलीतून काचेच्या दोन पट्ट्या घेऊन आली आणि खिडकीच्या उजेडात धरल्या. प्रत्येकीवर नखाएवढ्या आकाराचा पातळ काप, पानाच्या जाळीसारखा. पहिला हा आजार नसलेल्या कुणाचा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक काळी रेघ होती, स्वच्छ, काजळाची ओढावी तशी. दुसऱ्यावर त्या जागी रेघ जवळजवळ नव्हतीच. काजळ पुसल्यावर डोळ्याखाली उरतं तेवढं.

“हे?”

“हो.”

मला नमस्कार करावा की काय करावं कळेना. उंबऱ्यापाशी थांबलेले बाबा मला दिसले. पाऊल का उचलत नव्हते, ते या पुसलेल्या रेघेत होतं, आणि मी मागून ओरडायचो, चला ना बाबा, उशीर होतोय. माझ्या डोक्यात आत्ता या क्षणी एक अशीच रेघ आहे, असं वाटलं. ती पुसली जातेय, आणि मला दुखतही नाहीये.

“माझी किती राहिली असेल?”

“असं बाहेरून कळत नाही.”

“अंदाजाने सांग.”

“दादा, भाजी घेतोयस का?”

“बरं, हे नसेल तर दुसरं काय असू शकतं? साधी थरथर असते ना म्हाताऱ्यांची? त्यात बसत असेल माझं.”

“असू शकतं.”

“मग तेच धर.”

“मी धरून होणार आहे का?” तिचा आवाज चढला, आणि एकदम खाली आला. “मी पेशी बघते. माणसं तपासत नाही. अंधेरीला एक न्यूरॉलॉजिस्ट आहेत, त्यांच्याकडे जाऊ.”

“बापाकडून येतं का हे?”

“बहुतेक वेळा नाही. कधीकधी येतं.”

“तुझे हात दाखव.”

तिने दोन्ही हात टेबलावर, माझ्या हाताशेजारी ठेवले. स्थिर होते. मी बघत राहिलो, ती पण बघत राहिली.

“मी रोज बघते,” ती म्हणाली. “उठल्यावर चहाच्या डब्यात नाक घालते. वास आला की मग दिवस सुरू.”

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, असं तिच्या तोंडावरून दिसलं. पहिल्यांदाच ते तोंड मख्ख नव्हतं. मला तिचा राग यायला हवा होता, मी तोच घेऊन आलो होतो. पण त्या वेळी मला फक्त तिच्या हातांची भीती वाटत होती.

अंधेरीच्या डॉक्टरांनी मला बोटं टकटकायला लावली, चालायला लावलं, मनगट धरून फिरवलं. एक ओळ लिहायला सांगितली. मी आमच्या गाळ्याचं नाव लिहिलं. लिहिता लिहिता अक्षरं बारीक होत गेली, शेवटची मुंगीएवढी. मीच ते नंतर बघितलं. मग एक स्कॅन काढायला पाठवलं. ते रसायन मेंदूत पोचतंय की नाही हे त्यात उजळून दिसतं, बहिणीने सांगितलं. यंत्राखाली डोकं न हलवता पडायचं होतं. मी पडून होतो आणि उजवा हात पट्ट्याखाली आपलं काम करत होता.

रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा बहीण बरोबर होती. बायको येते म्हणाली, मी नको म्हणालो. गाडी बहिणीने चालवली. मी चावी देत नव्हतो, ती तिने काढून घेतली. दवाखान्यात आमच्या आधी बरेच पेशंट होते. समोर एक गृहस्थ बसले होते, बायकोने त्यांची हनुवटी पुसली, ते सरळ माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून कुणी बघत नव्हतं. मी उठलो. काउंटरवरच्या मुलीला म्हणालो, वेळ देता ती पाळता येत नाही का? ती म्हणाली, “सर, पाच मिनिटं.” मी म्हणालो, पाच मिनिटांत मी ट्रक विकतो. अजूनही बरंच बोललो. सगळे बघायला लागले. मग मी तरातरा जिना उतरून खाली गाडीत जाऊन बसलो.

रागाने गेलो असं त्या मुलीला वाटलं असेल. बरंच झालं.

बहीण मागे आली नाही. तिने वर थांबून रिपोर्ट घेतला, डॉक्टरांना भेटली. मी गाडीच्या काचेतून जिन्याकडे बघत होतो. बाहेर रिक्षावाले भाड्यावरून हुज्जत घालत होते, आणि मला त्यांचा हेवा वाटत होता. ती दिसली. हातात पाकीट. चालण्यावरून काही कळतंय का ते मी बघितलं. नाही. हे मीच तिला शिकवलं होतं.

ती शेजारी येऊन बसली, दार लावलं. “दादा—”

“तोंडाने सांगू नकोस.”

“अरे, पण—”

“तोंडाने नको, म्हणालो ना!”

मी खिशातून रुमाल काढला, बाजारातला मोठा, आणि दोघांच्या मध्ये पसरला. माझा उजवा हात त्याखाली ठेवला. “एक बोट म्हणजे आहे. दोन म्हणजे नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. वेडा झालाय म्हणेल, असं वाटलं. मग तिने पाकीट समोर ठेवलं आणि हात रुमालाखाली घातला.

माझं एक बोट धरलं.

मी हात सोडला नाही. दलाल पहिल्या भावाला हात सोडत नाही. मी तिची दोन बोटं धरली. ती थांबली. परत माझं एक बोट. मी पुन्हा दोन धरली, घट्ट धरली, तिला दुखलं असेल. ती काचेतून समोर बघत होती आणि तिच्या गालावरून पाणी येत होतं, पण बोट हललं नाही. एक.

“थोडं आहे ना?” मी विचारलं. “सुरुवात आहे म्हण.”

“सुरुवात आहे. औषध आहे, हात बराच ताब्यात येईल. चालणं, कामकाज, बरीच वर्षं.”

“थांबतं का?”

“अजून नाही थांबवता येत.”

“मग तू करतेस काय तिथे इतकी वर्षं?”

“तेच,” ती म्हणाली. “तेच करते.”

मी यावर काही तिखट बोलणार होतो. सुचलंही होतं. त्याऐवजी दुसरंच बाहेर आलं. “माझाही मेंदू मागशील. उद्या.”

ती दचकली.

“मागायचा असेल तर मला विचारायचं. आईला नाही, वहिनीला नाही. माझ्या तोंडावर, मला.”

“विचारीन.”

“आणि मी नाही म्हणालो तर?”

“तर नाही.”

“आत्ता नको विचारूस,” मी म्हणालो. “आत्ता मला फार भीती वाटतेय.”

तिने मान हलवली. रुमाल काढायचं दोघांच्याही मनात येईना. वरून बघणाऱ्याला दोन माणसं गाडीत नुसती बसलेली दिसली असती. खाली तिच्या मुठीत माझं बोट आपोआप दाबत होतं, पुन्हा, पुन्हा, अर्ध्या अर्ध्याने खाली उतरत, आणि ‘झाला’ म्हणून त्याला थांबवणारं समोर कुणी नव्हतं.